मदतीचा पैसा कुठे वळतो?

गावात सार्वजनिक विहिरीसाठी वर्गणी गोळा होते. पावतीपुस्तकावर ठळक अक्षरांत ‘विहीर फंड’ असे छापलेले असते. ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत, तोही शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे बघून आपला वाटा टाकतो. पुढे वर्ष-दीड वर्षाने पाहावे तर विहीर आहे तेवढीच, आणि देवळापुढे मात्र नवा मांडव उभा. कोणी विचारलेच तर जाणती मंडळी म्हणतात, “अहो, पैसा कुणाच्या घरात गेला का? गावातच आहे ना!”

या उत्तरात खोटे काहीच नाही. पैसा कोणी खाल्लेला नाही, हिशेबाची वही जुळते आणि मांडवही सगळ्यांच्याच उपयोगाचा आहे. तरीसुद्धा ज्या बाईला पहाटे उठून कोसभर पाण्याला जावे लागते तिची घागर रिकामी ती रिकामीच राहिली. वाचकहो, मोठमोठी राष्ट्रे गरीब देशांसाठी म्हणून जो पैसा बाजूला काढतात, त्याच्या बाबतीत हेच कसे घडते, ते आज सांगायचे आहे. चोरी-लाचलुचपतीच्या कथा पुष्कळ ऐकायला मिळतात, त्यांत मी शिरत नाही. मला सांगायची आहे ती याहून सभ्य गोष्ट. हिच्यात सह्या असतात, शिक्के असतात आणि सगळे काम दिवसाढवळ्या होते.

परदेशी मदत म्हणजे काय ते आधी थोडक्यात पाहू. १९७० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला की संपन्न देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नापैकी ०.७ टक्का, म्हणजे शंभर रुपयांतले सत्तर पैसे, मागासलेल्या देशांच्या विकासासाठी द्यावेत. हे सत्तर पैसेही बहुतेकांनी कधी दिले नाहीत. जे दिले त्यांतलेही सगळे ठरल्या ठिकाणी पोचले असे नाही.

आता आपल्या ओळखीच्या उदाहरणाने सुरुवात करू. ‘पी. एल. ४८०’ हे नाव तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कानावरून गेलेले असेल. रेशनच्या दुकानात मिळणारा अमेरिकेचा लाल गहू तो हाच. जुलै १९५४ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला, त्याचा हा क्रमांक. अमेरिकेत शेतमालाचे डोंगर साठले होते आणि इकडे धान्याची ददात होती. तो माल परक्या देशांना द्यावा आणि किंमत डॉलरमध्ये न घेता त्या त्या देशाच्या चलनात घ्यावी, अशी ती योजना. भारताने १९५६ च्या ऑगस्टमध्ये पहिला करार केला. १९६५ आणि १९६६ या लागोपाठच्या दोन अवर्षणांच्या वेळी या गव्हाने पुष्कळांना जगवले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण गहू खाऊन झाला, रुपये मात्र मागे राहिले, अमेरिकेच्या खात्यावर, आपल्याच देशात. या रुपयांचे काय करायचे? कायद्यात त्यासाठी कामांची एक यादीच दिलेली होती. काही पैसा विकासासाठी कर्जाऊ द्यावा, काही अमेरिकेच्या वकिलातीच्या खर्चाला वापरावा, असे करीत करीत यादी बरीच लांब गेली होती. शिक्षकमंडळींना गंमत वाटेल म्हणून सांगतो. १९६२ पासून याच रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथालयांना पाठवली जाऊ लागली. त्यांत मराठी पुस्तकेही होती. आपण खाल्लेल्या गव्हाच्या पैशांतून मराठी ग्रंथ साता समुद्रापार कपाटांत जाऊन बसले. आमच्यासारख्या ग्रंथवेड्यांना या खर्चाबद्दल तक्रार करवत नाही. तरी तो गव्हाच्या खात्यातला होता, हे विसरू नये. उरलेल्या रुपयांचा प्रश्न १९७४ च्या फेब्रुवारीत बराचसा मिटला. अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी तब्बल १६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हाती ठेवला.

त्या यादीत मात्र आणखी एक कलम होते. ‘समाईक संरक्षणासाठी’ लष्करी साहित्य व सेवा घेण्यासही हा पैसा वापरता येईल, असे ते कलम म्हणत होते. आपल्याकडे त्याची झळ लागली नाही. दक्षिण व्हिएतनाममध्ये लागली. तिथे अमेरिकेचा तांदूळ, गहू, कापूस असा माल विकला जाई आणि त्याचे आलेले पैसे तिथल्या सरकारच्या लढाईच्या खर्चाला लावले जात. जहाजातून उतरताना ती मदत असे अन्नाची, आणि बाजारातून फिरून सरकारी तिजोरीत पोचेपर्यंत तिचा शिपायांचा पगार झालेला असे. या योजनेचे नाव काय म्हणाल तर ‘शांततेसाठी अन्न’! केनेडींच्या काळात ते रूढ झाले होते, आणि १९६६ मध्ये कायद्यालाही तेच नाव दिले गेले.

१९७३-७४ हा काळ जगभर धान्यटंचाईचा होता. आफ्रिकेत साहेल भागात अवर्षण होते, बांगलादेशात हाल होते. आणि त्याच १९७४ च्या आर्थिक वर्षात, सवलतीने विकल्या जाणाऱ्या अमेरिकी धान्यमालापैकी जवळजवळ निम्मा दक्षिण व्हिएतनाम व कंबोडिया या दोन लढाईग्रस्त देशांकडे गेला. अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींनाही हे खटकले. युद्धासाठी उघडपणे मागितलेला पैसा ते कमी करीत होते, तो धान्याच्या दाराने परत आत येत होता. म्हणून त्यांनी १९७३ साली कायदा करून लष्करी वापराचे ते कलम बांधून टाकले. पुढच्या वर्षी आणखी एक अट घातली, की संयुक्त राष्ट्रांनी अत्यंत हलाखीचे ठरवलेले जे देश आहेत, त्यांच्याबाहेर या अन्नमदतीचा तीस टक्क्यांहून अधिक भाग जाता कामा नये.

माझ्या वर्गात हा भाग आला की कोणीतरी विद्यार्थी हटकून विचारतो, “सर, मग हा भ्रष्टाचारच ना?” मी त्याला म्हणतो, बाळ, त्या कलमात बसत होते ते. भ्रष्टाचार पकडायला पोलीस असतात. कायद्यात बसणारे वळण पकडायला काय लागते, ते सांगण्यासाठी मी त्याला मलेशियातल्या एका धरणाची गोष्ट सांगतो. तीच आता तुम्हाला सांगतो, कारण तिचे कागद न् कागद पुढे उजेडात आले.

मलेशियाच्या उत्तरेला, थायलंडच्या सीमेजवळ केलांतान नावाचे राज्य आहे. तिथे पेरगाऊ नावाची नदी वाहते. १९८८ च्या मार्चमध्ये ब्रिटनचे संरक्षणमंत्री जॉर्ज यंगर मलेशियाला गेले ते शस्त्रे विकण्याच्या बोलण्यासाठी. तिथे त्यांनी एका मसुद्यावर सही केली. शस्त्रखरेदीच्या रकमेच्या वीस टक्क्यांइतकी विकासमदत ब्रिटन देईल, असा त्याचा आशय होता. म्हणजे आपल्या बाजारातल्या भाषेत, तोफा घ्या आणि वर पाचवा हिस्सा परत न्या. फरक इतकाच की हा परतावा तोफा विकणाऱ्याच्या गल्ल्यातून जायचा नव्हता. तो जायचा होता गरिबांसाठी राखलेल्या खात्यातून.

हे कळताच लंडनमध्ये धावपळ उडाली. मदतीची सांगड शस्त्रांशी घालायची नाही, हे सरकारचेच जाहीर धोरण होते. मग मलेशियाला कळवण्यात आले की अशी सांगड घालता येणार नाही. आणि त्याच सुमारास, निराळ्या पत्राने, निराळ्या सहीने, ब्रिटन २० कोटी पौंडांपर्यंत विकासमदत द्यायला तयार आहे असेही कळवण्यात आले! मूळ मसुद्यातल्या हिशेबाशी हा आकडा चांगला जुळत होता. सप्टेंबरमध्ये पंतप्रधान थॅचरबाई आणि मलेशियाचे पंतप्रधान महाथीर यांनी शस्त्रव्यवहाराच्या करारपत्रावर सह्या केल्या. तो व्यवहार एक अब्ज पौंडांच्या वरचा होता.

मदत कबूल झाली, आता ती खर्चायला काम हवे. ते पेरगाऊच्या रूपाने आले. या नदीवर धरण बांधून ६०० मेगावॉट वीज काढायची आणि बांधकाम ब्रिटिश कंपन्यांनी करायचे. मार्च १९८९ मध्ये थॅचरबाईंनी महाथीर यांना मदतीचे तोंडी वचन देऊन टाकले. त्या वेळी कंपन्यांनी सांगितलेला खर्च होता ३१ कोटी ६० लाख पौंड. वचन दिल्यावर दोन आठवडे गेले नाहीत तोच तो ३९ कोटी ७० लाखांवर चढला. आपल्याकडे पाझर तलावाचे अंदाजपत्रक चढते तेव्हा आपण कपाळाला हात लावतो. साहेबाच्या देशातही हे होते, हे ऐकून निदान एकटेपणा तरी वाटू नये.

ब्रिटनच्या परदेश विकास खात्यातल्या अर्थतज्ज्ञांनी या धरणाचा हिशेब मांडला. मलेशियाकडे स्वतःचा नैसर्गिक वायू आहे. त्यावर चालणारी वीजकेंद्रे उभारली तर तीच वीज पुष्कळ स्वस्त पडेल. धरणच बांधले तर त्याच्या आयुष्यभरात मलेशियाच्या वीजग्राहकांना दहा कोटी पौंडांहून जास्त भुर्दंड बसेल, असे त्यांनी काढले. इथे जरा थांबा आणि पुन्हा वाचा. ज्यांना मदत करायची त्यांच्याच माथी हा बोजा बसणार होता. मदत घेणाऱ्याला मदत न घेतल्यापेक्षा महाग पडावी, असा हा मामला होता.

त्या खात्याचे सर्वोच्च नोकर होते टिम लँकेस्टर. एके काळी ते खुद्द थॅचरबाईंचे खाजगी चिटणीस होते, तेव्हा विरोधी पक्षाचा माणूस म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवता येण्यासारखे नव्हते. ब्रिटनमध्ये प्रत्येक खात्याचा मुख्य अधिकारी हा त्या खात्यातल्या पैशाचा जबाबदार हिशेबनीस मानला जातो. एखादा खर्च वाया जाणारा आहे असे त्याला वाटले तर तो मंत्र्याला म्हणू शकतो, “माझा याला विरोध आहे. तुम्हाला करायचेच असेल तर लेखी हुकूम द्या.” मंत्र्याने हुकूम दिला की नोकराची जबाबदारी संपते, पण ते कागद महालेखापरीक्षकाकडे जातात. आपल्याकडचा एखादा जुना, सरळ ग्रामसेवक सरपंचाला “ठरावात लिहून द्या” म्हणून अडून बसतो ना, त्याच जातीची ही गोष्ट. १९९१ च्या आरंभी लँकेस्टर यांनी हेच केले. हा प्रकल्प वाईट आहे, हा पैसा यात घालणे म्हणजे मदतनिधीचा दुरुपयोग आहे, असे त्यांनी लिहून दिले. परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी लेखी हुकूम दिला. पंतप्रधानांनी एकदा दिलेला शब्द मोडला तर मलेशियाशी संबंध बिघडतील, व्यापार बुडेल, असे त्यांचे म्हणणे होते. जुलै १९९१ मध्ये करार झाला. ब्रिटनच्या मदतखात्यावर वर्षानुवर्षे मिळून २३ कोटी ४० लाख पौंडांचा भार आला. एका कामावर एवढी रक्कम त्या खात्याने तोवर कधी खर्चली नव्हती.

लँकेस्टर यांच्या आक्षेपाने धरण काही थांबले नाही. एखाद्याला वाटेल, मग लिहून काय मिळवले? पण कागद तयार झाला होता. १९९३ मध्ये लेखापरीक्षकांचा अहवाल बाहेर आला आणि त्यात या हुकुमाची हकीकत आली. संसदेच्या समित्यांनी साक्षी घेतल्या, वर्तमानपत्रे तुटून पडली. महाथीर इतके चिडले की १९९४ मध्ये काही महिने त्यांनी ब्रिटिश कंपन्यांना सरकारी कामांची दारे बंद केली. आणि गरीब देशांच्या प्रश्नांवर काम करणारी ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट मूव्हमेंट’ नावाची एक छोटी संस्था न्यायालयात गेली.

तिचे म्हणणे साधे होते. १९८० च्या कायद्याप्रमाणे मंत्र्याला हा पैसा दुसऱ्या देशाच्या विकासाला चालना देण्यासाठी खर्च करता येतो. जो प्रकल्प खात्याच्याच हिशेबाने आतबट्ट्याचा आहे, त्याला विकास कसे म्हणणार? सरकारतर्फे दोन मुद्दे मांडले गेले. एक म्हणजे विकास कशाला म्हणायचे ते मंत्र्याने ठरवायचे. दुसरा, या संस्थेचा एक पैचाही तोटा झालेला नाही, तेव्हा तिला दाद मागण्याचा अधिकारच पोचत नाही. नोव्हेंबर १९९४ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला. संस्थेला दाद मागता येते असे न्यायालयाने मानले, आणि जो विकास हिशेबाला टिकत नाही त्यासाठी कायद्याने हा पैसा ठेवलेला नाही, म्हणून मंत्र्याचा निर्णय बेकायदा ठरवला. परदेशी मदतीच्या इतिहासात असे निकाल क्वचितच सापडतात. ज्यांच्या नावाने पैसा काढला होता ते दूर देशात होते, त्यांना मतही नव्हते आणि वकीलही नव्हता. त्यांच्या वतीने परक्या माणसांनी भांडून तो निकाल मिळवला, म्हणून मला त्याचे मोल जास्त वाटते.

धरण पुढे पुरे झाले, तिथे वीजही निघू लागली. लँकेस्टर यांनी २०१३ मध्ये या सगळ्या प्रकरणावर पुस्तक लिहिले. आणि ब्रिटनने २००२ साली नवा कायदा करून मदतीचा पैसा गरिबी हटवण्याच्या कामीच लावायचा, असा दंडक घातला. आता तरी फट बुजली, असे वाटावे.

पण पैशाला वळण देण्याची आणखी एक तऱ्हा आहे. खात्यातून पैसा बाहेर काढायचाच नाही, फक्त खात्याच्या नावाचा अर्थ सैल करायचा. संपन्न देशांची मदत मोजण्याचे नियम त्यांचीच एक समिती पॅरिसमध्ये बसून ठरवते. पेरगाऊची कथा ज्या १९८८ साली सुरू झाली, त्याच साली या समितीने एक नियम लिहिला. परदेशातून आलेल्या निर्वासितांना आपल्या देशात ठेवण्याचा पहिल्या बारा महिन्यांचा खर्चही ‘परदेशी मदत’ म्हणून मोजता येईल, असा तो नियम होता. तेव्हा त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. रक्कमच लहान होती.

पुढे युरोपात निर्वासितांचे लोंढे आले. सीरियातून आले, अफगाणिस्तानातून आले, २०२२ मध्ये युक्रेनमधून आले. ब्रिटनमध्ये हजारो माणसांना हॉटेलांत ठेवावे लागले. ही माणसे गरजू नव्हती असे कोण म्हणेल? घरदार सोडून आलेल्याला छप्पर देणे हा धर्मच आहे. पण पैसा कोणत्या खात्यातून गेला ते बघा. २०२३ मध्ये ब्रिटनने स्वतःच्या देशात निर्वासितांवर केलेला सुमारे ४३० कोटी पौंडांचा खर्च परदेशी मदतीत मोजला. त्या वर्षीच्या एकूण मदतीपैकी हा २८ टक्के होता, म्हणजे चार आण्यांहूनही जास्त. मदतीची एकूण रक्कम आधीच बांधलेली होती. २०१५ मध्ये ०.७ टक्क्याचा कायदा करूनही २०२१ पासून ती ०.५ टक्क्यावर आणली होती. तेव्हा लंडनजवळच्या हॉटेलचे बिल जितके वाढेल, तितका आफ्रिकेतल्या दवाखान्याचा वाटा घटत जाई. शिवाय हॉटेलचे बिल करणारे गृहखाते, आणि कात्री लागते ती मदतीच्या पुंजीला. दुसऱ्याच्या ताटातले वाढायचे असले म्हणजे हात आखडत नाही, हे आपल्याकडच्या लग्नकार्यात सगळ्यांनी पाहिलेले आहे. मदतीवर देखरेख करणाऱ्या ब्रिटनच्याच स्वतंत्र आयोगाने २०२३ मध्ये यावर कडक ताशेरे ओढले.

यात कायदा मोडला काय? नाही. पॅरिसच्या नियमात ते बसत होते. व्हिएतनामचे जसे कलमात बसत होते तसेच.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी पार्लमेंटात सांगितले की संरक्षणाचा खर्च वाढवायचा आहे आणि त्यासाठी परदेशी मदत २०२७ पर्यंत ०.५ वरून ०.३ टक्क्यावर आणली जाईल. शंभर रुपयांतले पन्नास पैसे होते, त्यांचे तीस पैसे. यंगरसाहेबांना जे दोन पत्रांच्या आडोशाने करावे लागले, ते आता भर सभागृहात, आकडा सांगून केले गेले. मला विचाराल तर यातला उघडेपणा बरा. निदान मत देणाऱ्याला कळते तरी की मांडव कशाच्या पैशातून उभा राहतो आहे. त्या सरकारच्या विकासमंत्री ॲनेलिस डॉड्स यांनी तीन दिवसांतच राजीनामा दिला. या कपातीने अगदी हलाखीत असलेल्या लोकांचे अन्न आणि औषधपाणी तुटेल, असे त्यांनी पंतप्रधानांना लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. त्यांच्या जागी दुसऱ्या बाई आल्या, आणि कपात कायम राहिली.